विकर सापडले, पण ते काम करत होते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोग पसरवणारे विकर सापडले, ते रोखणारा रेणूही तयार झाला, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. विकर म्हणजे एन्झाइम. या बातम्या सहसा खोट्या नसतात. संशोधन झालेले असते, शोधनिबंधही छापून आलेला असतो. पण एक गोष्ट त्यांत जवळजवळ नेहमी राहून जाते: ते विकर गाठीत नुसते हजर होते, की खरोखर काम करत होते? या एका प्रश्नापायी या क्षेत्रात मोठी औषधे कोसळली आहेत आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मूळ जागची गाठ बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू तो पसरल्यामुळे होतात. आणि पसरणे हे पेशीसाठी फार अवघड काम आहे. शेजारच्या पेशींशी असलेली पकड सोडायची, खालचे आधारपटल, म्हणजे प्रथिनांचा पातळ पडदा, ओलांडायचे, रक्तवाहिनीत शिरायचे, तिथल्या प्रवाहात आणि रोगप्रतिकारक पेशींच्या माऱ्यात टिकायचे, दूरच्या अवयवात बाहेर पडायचे आणि परक्या जागी पुन्हा वाढायला लागायचे. संशोधक आयझाया फिडलर यांनी 1970 मध्ये किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या, तेव्हा त्यांतल्या एक टक्काही पेशी शेवटपर्यंत तगल्या नाहीत. इतक्या टप्प्यांच्या वाटेवर 'पसरवणारे विकर' असे एकच काही नसते. एका टप्प्यावर वाट मोकळी करणारे विकर दुसऱ्या टप्प्यावर वाट अडवूही शकते.

सर्वांत जास्त बातम्या ज्या कुळाच्या येतात ते मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी. पेशींच्या भोवती कोलॅजन, लॅमिनिन अशा प्रथिनांची जी जाळी असते ती कापण्याचे काम हे कूळ करते. त्याचा शोध कर्करोगात लागलेला नाही. बेडकाच्या पिल्लाची शेपटी वाढीच्या काळात विरघळते कशी, याचा माग काढताना जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना 1962 मध्ये ते पहिल्यांदा मिळाले: शेपटीच्या ऊतीचा तुकडा कोलॅजनच्या जेलवर ठेवला आणि त्याच्याभोवतीचे जेल विरघळले. माणसात अशी 23 विकरे आहेत. जखम भरताना, हाडाची घडण बदलताना, गर्भ वाढताना ती रोज लागतात. हे लक्षात घेतले की पुढचे बरेच काही उलगडते.

प्रत्येक एमएमपीच्या कापणाऱ्या भागात जस्ताचा एक अणू असतो, तीन हिस्टिडिनांनी धरून ठेवलेला. पेशी हे विकर तयार करते तेव्हा ते कुलूपबंद असते. साखळीच्या सुरुवातीच्या भागातले एक सिस्टीन जस्ताला चिकटून बसलेले असते आणि त्यामुळे कापण्यासाठी लागणाऱ्या पाण्याच्या रेणूला जागा मिळत नाही. तो सुरुवातीचा भाग दुसऱ्या एखाद्या विकराने कापून टाकला की कुलूप उघडते. उघडल्यावरही काम सुरू होईलच असे नाही, कारण टिम्प नावाची चार प्रथिने आजूबाजूला असतात आणि ती उघड्या विकराला एकास एक या प्रमाणात गच्च बांधून टाकतात. म्हणजे एखाद्या गाठीत एमएमपी-9 भरपूर आहे असे म्हटले, तरी त्यातले किती कुलूपबंद, किती बांधलेले आणि किती मोकळे, हे वेगळे मोजावे लागते. एमएमपी-2 च्या बाबतीत तर आणखी गुंता आहे. ते उघडणारे विकर, एमटी1-एमएमपी, पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले असते आणि हे उघडण्यासाठी त्याला टिम्प-2 चीच मदत लागते. टिम्प-2 अगदी कमी असले तर काम होत नाही, फार झाले तर थांबते, मध्यम असले तर वेग येतो. 'रोखणारे प्रथिन वाढले म्हणजे रोग आटोक्यात' असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

आता हे मोजतात कसे ते पाहू, कारण बातमीतला आकडा तिथूनच येतो. प्रयोगशाळेतली सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे जिलेटिन झायमोग्राफी. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या 7.5 ते 10 टक्क्यांच्या जेलमध्ये दर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम जिलेटिन मिसळून ते ओततात. नमुना एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारे साबणासारखे रसायन) असलेल्या द्रावणात घालतात, पण तो उकळायचा नाही आणि त्यात प्रथिनांतले गंधकाचे टाके तोडणारे मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घालायचे नाही. इथे पहिली चूक होते. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिने ओळखण्याच्या दुसऱ्या पद्धतीची) सवय असलेला विद्यार्थी हात चालेल तसा नमुना 95 अंशांना उकळतो आणि मग जेल सगळे निळे राहते, कारण विकराची घडी कायमची मोडलेली असते. जेल थंड ठेवून चालवायचे. नंतर 2.5 टक्के ट्रायटन एक्स-100 या सौम्य साबणात अर्ध्या अर्ध्या तासाने दोनदा धुवायचे, म्हणजे एसडीएस निघून जाते आणि विकर पुन्हा घडी घालते. धुण्यात घाई केली तर पट्टे फिके येतात. त्यापुढे ट्रिस (50 मिलिमोलर, पीएच 7.5), कॅल्शियम क्लोराइड (5 ते 10 मिलिमोलर), मीठ आणि अगदी थोडे जस्त असलेल्या द्रावणात 37 अंशांना 16 ते 24 तास ठेवायचे. मग कुमासी निळ्याने रंगवायचे आणि जादा रंग उतरवायचा. जिथे जिलेटिन खाल्ले गेले तिथे निळ्या जेलवर पांढरा पट्टा दिसतो. एमएमपी-9 चे कुलूपबंद रूप 92 किलोडाल्टनवर (हे रेणूच्या वजनाचे माप), उघडे सुमारे 82 वर. एमएमपी-2 चे कुलूपबंद 72 वर, उघडे 62 ते 66 च्या दरम्यान.

पट्टा दिसला की काम झाले असे वाटते. पण या पद्धतीत एक खोच आहे. कुलूपबंद विकराला एसडीएस लागले की त्याची घडी सैल होते आणि सिस्टीन जस्तापासून सुटते. म्हणून 92 आणि 72 चे कुलूपबंद पट्टेही जिलेटिन खाताना दिसतात, जरी गाठीत ते मुळीच काम करत नसले तरी. टिम्पने बांधलेले विकरही जेलमध्ये टिम्पपासून वेगळे होते आणि मोकळे असल्यासारखे दिसते. झायमोग्राफी हे सांगते की विकर किती आहे आणि कोणत्या वजनाचे आहे. ते शरीरात कापत होते का, हे ती सांगत नाही. शोधनिबंधात 'क्रियाशीलता वाढली' असे लिहिलेले असते आणि जेलवर फक्त 92 चा पट्टा जाडजूड असतो, हे वारंवार आढळते. वाचणाऱ्याने वजनाचा आकडा पाहावा. खालचा, उघड्या रूपाचा पट्टा वाढला आहे की नाही, हे तिथेच कळते. पण तोही टिम्पने बांधलेला असू शकतो, हे विसरता कामा नये. खरी क्रिया मोजायची तर कापल्यावर चमकणारे छोटे पेप्टाइड नमुन्याबरोबर ठेवून चमक किती वेगाने वाढते ते पाहावे लागते, किंवा मोकळ्या जस्तकेंद्रालाच चिकटणारा खुणेचा रेणू वापरावा लागतो. त्या पेप्टाइडांतही दोष आहे: एकच पेप्टाइड पाच-सहा एमएमपी कापू शकतात. त्यामुळे एका पद्धतीवर भिस्त ठेवलेली बातमी अर्धवटच समजावी.

नमुन्यातल्या चुका वेगळ्याच. पेशी वाढवायच्या द्रवात वासराच्या गर्भाचे सीरम असते आणि त्यात एमएमपी-2 व एमएमपी-9 आधीच असतात. पेशी दोन-तीनदा धुऊन बिनसीरमच्या द्रवात 24 तास ठेवल्याशिवाय घेतलेला नमुना हा कर्करोगाच्या पेशींचा नसून गायीच्या रक्ताचा पुरावा ठरतो. पेशी न ठेवता तसाच 24 तास ठेवलेला कोरा द्रव शेजारच्या रांगेत चालवला आहे का, हे म्हणून पाहायचे. आणि एक पट्टी धातू पकडून ठेवणारे ईडीटीए (10 ते 20 मिलिमोलर) घातलेल्या द्रावणात ठेवायची. तिच्यातले पट्टे नाहीसे झाले तरच ते विकर धातूवर चालणारे आहे असे म्हणता येते. या दोन साध्या तुलना नसतील तर जेल कितीही सुबक असले तरी ते ग्राह्य धरू नये.

रक्तातल्या एमएमपी-9 बद्दल तर फार सावध राहायला हवे. रक्त साकळू दिले आणि सीरम काढले, की साकळताना पांढऱ्या पेशी व बिंबिका आपले साठवलेले एमएमपी-9 ओततात. त्यामुळे त्याच माणसाच्या त्याच वेळच्या रक्तात सीरममधला आकडा प्लाझ्मातल्या (न साकळलेल्या रक्तातल्या द्रवातल्या) आकड्याच्या वर जातो. नळी अर्धा तास जास्त टेबलावर राहिली तरी फरक पडतो. म्हणून रक्त साकळू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घेऊन लगेच यंत्रात फिरवलेला प्लाझ्मा वापरावा लागतो. रुग्णांचे रक्त वॉर्डात घेतलेले, निरोगी लोकांचे प्रयोगशाळेत, एकीकडे नळी तीन तास थांबलेली, दुसरीकडे वीस मिनिटे: असा अभ्यास केला तर रोग आणि निरोगी यांत फरक निघणारच, पण तो कर्करोगाचा नसेल.

मग औषधांचे काय झाले? 1980 मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या गाठी जास्त पसरतात त्यांच्या पेशी आधारपटलातले चौथ्या प्रकारचे कोलॅजन जास्त तोडतात. त्यातून कल्पना सरळ होती: जस्त धरून ठेवणारा रेणू द्या, कापणे थांबेल, पसरणे थांबेल. बॅटिमास्टॅट आणि पाठोपाठ तोंडाने घेता येणारे मॅरिमास्टॅट तयार झाले. उंदरांत निकाल उत्तम होते. स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगात 414 रुग्णांवर मॅरिमास्टॅटची जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाशी तुलना झाली, मात्रा दिवसातून दोनदा 5, 10 किंवा 25 मिलिग्रॅम. छोट्या मात्रा जेमसिटाबिनपुढे सरळ हरल्या. मोठी मात्रा जेमतेम बरोबरीला आली. मॅरिमास्टॅट घेणाऱ्या 44 टक्के रुग्णांना सांधे व स्नायूंचा त्रास झाला, जेमसिटाबिनच्या गटात तो 12 टक्क्यांना होता. खांदा आखडणे, हात वर न होणे, बोटे न मिटणे. ज्या विकरांनी कंडरा आणि सांध्यांची रोजची डागडुजी होते, तीच औषधाने बांधली गेली होती.

दुसरे औषध, टॅनोमास्टॅट. ते एमएमपी-1 ला फारसे धरत नसल्याने सांधे दुखले नाहीत. पण 277 रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 3.74 महिने भरले आणि जेमसिटाबिन घेणाऱ्यांचे 6.59. चाचणी मधेच थांबवली गेली. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगात तर ते औषध घेणारे रुग्ण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर दगावले. हे अपयश रेणू कमकुवत होता म्हणून आले नाही. रेणू आपले काम नीट करत होता. काम कोणते थांबवायचे हेच चुकले होते.

कारणे पुढच्या वर्षांत एकेक करून कळत गेली. एमएमपी-12 रक्तातले प्लास्मिनोजेन हे प्रथिन कापून अँजिओस्टॅटिन बनवते आणि हे अँजिओस्टॅटिन नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. एमएमपी-9 कोलॅजनमधून टमस्टॅटिन मोकळे करते, तेही वाहिन्या रोखणारेच. एमएमपी-8 नसलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी कमी नव्हे, जास्त झाल्या, हे 2003 मध्ये दिसले. सगळ्या कुळाला एका दोरीने बांधणारे औषध हे रक्षकांनाही बांधत होते. शिवाय वेळ चुकली होती. उंदरांना औषध दिले ते गाठ लहान असताना, पेशी वाटेवर असताना. रुग्णांना दिले ते यकृतात आणि फुप्फुसात गाठी बसल्यानंतर. दरवाजा ओलांडून गेलेल्याला दरवाजा बंद करून अडवता येत नाही. आणि विकर बनवणाऱ्या पेशी कोण, हेही नीट पाहिले गेले नव्हते. स्तनाच्या गाठीत सापडलेले एमएमपी-11 कर्करोगाच्या पेशी बनवत नाहीत, भोवतालच्या साध्या आधारपेशी बनवतात, हे 1990 मध्येच माहीत झाले होते. गाठ वाटून केलेल्या अर्कात सगळ्यांचे विकर एकत्र येते. कोणाचे ते, हे अर्क सांगत नाही. नंतर कुळातल्या एकट्या एमएमपी-9 वर नेम धरणारे अँडेकॅलिक्सिमॅब हे प्रतिपिंड आले. जठराच्या कर्करोगातल्या मोठ्या चाचणीत त्यानेही आयुष्य वाढले नाही.

पेशी आपली चालही बदलते, हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2003 मध्ये फायब्रोसार्कोमाच्या (जोडऊतीच्या कर्करोगाच्या) पेशी कोलॅजनच्या जाळीत सोडून त्यांच्यावर सगळी कापणारी विकरे बंद करणारे मिश्रण घातले गेले. लांबट, जाळी कापत जाणाऱ्या पेशी गोल झाल्या आणि अमिबासारख्या अंग चोरून छिद्रांतून सरकू लागल्या. वेग फारसा घटला नाही. या चालीला रो नावाचे प्रथिन आणि त्याच्या हुकमाने चालणारे रॉक हे विकर लागते. ते पेशीच्या आतल्या तंतूंना आवळते आणि पेशी पिळून पुढे निघते. अडते ते केंद्रक, कारण पेशीचा तोच सर्वांत कठीण भाग. जाळीतले छिद्र केंद्रकाच्या छेदाच्या साधारण एक दशांशाहून लहान झाले, म्हणजे सुमारे 7 चौरस मायक्रोमीटरच्या खाली गेले, की न कापता पुढे जाता येत नाही. त्यामुळे 'विकर थांबवले तर पेशी थांबल्या' असा निष्कर्ष जाळी किती दाट होती यावर अवलंबून असतो. दाट जेलमध्ये औषध यशस्वी, विरळ जेलमध्ये निकामी, आणि औषध दोन्हीकडे तेच.

प्रयोगशाळेत हे पाहण्याची नेहमीची रीत म्हणजे छिद्रांच्या पडद्याची पेटी. 8 मायक्रोमीटर छिद्रांचा पडदा, त्यावर आधारपटलाची नक्कल करणाऱ्या मॅट्रिजेलचा पातळ थर, वर बिनसीरमच्या द्रवात 25 ते 50 हजार पेशी, खाली 10 टक्के सीरम, 22 ते 24 तास. मग वरच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या, खाली उतरलेल्या जांभळ्या रंगाने रंगवून मोजायच्या. यात बिघडते ते सगळे थरापाशी. मॅट्रिजेल रात्रभर 4 अंशांवर वितळवावे लागते आणि पिपेटची टोकेही थंड हवीत. 10 अंशांच्या वर ते गोठायला लागते, मग थर कुठे जाड कुठे उघडा पडतो आणि पेशी उघड्या जागेतून उतरतात. मोजणारा समजतो की त्या जाळी फोडून आल्या. औषधाने पेशींची वाढच मंदावली असेल तरीही खाली कमी दिसतात. म्हणून थर नसलेली पेटी बरोबर चालवून भागाकार करावा लागतो आणि तितक्याच तासांत पेशींची एकूण संख्या किती बदलली तेही मोजावे लागते. आणि मॅट्रिजेल म्हणजे खरे आधारपटल नव्हे. ते उंदराच्या एका सार्कोमातून काढलेले असते, त्यात लॅमिनिन जास्त असते आणि शरीरातल्यासारखे पक्के रासायनिक टाके त्यात नसतात. त्यातून पार होणे सोपे असते.

उंदरांतल्या प्रयोगाबद्दल एवढेच पाहावे: पेशी शेपटीच्या शिरेतून सोडल्या होत्या का? तसे असेल तर त्या थेट फुप्फुसात पोचतात. गाठीतून सुटणे, पटल ओलांडणे, वाहिनीत शिरणे हे सगळे टप्पे वगळले गेले. असा प्रयोग 'गाठीतून बाहेर पडणे रोखले' हे सिद्ध करू शकत नाही, मग विकर कोणतेही असो.

पेशी कोणत्या, हाही प्रश्न किरकोळ नाही. एमडीए-एमबी-435 नावाच्या पेशी वर्षानुवर्षे स्तनकर्करोग पसरण्याचा नमुना म्हणून वापरल्या गेल्या, कारण त्या उंदरांत छान पसरतात. 2000 पासून त्यांच्या जनुकांचा नमुना त्वचेच्या मेलानोमासारखा दिसू लागला आणि पुढच्या तपासण्यांत त्या एम14 या मेलानोमाच्याच पेशी असल्याचे निघाले. स्तनकर्करोगाबद्दल त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षांचे ढीग संशोधन-वाङ्मयात अजून आहेत. पेशींची डीएनए ओळख पटवणे आणि मायकोप्लाझ्मा या छुप्या जंतूंची लागण नाही ना हे पाहणे, या दोन तपासण्यांचा उल्लेख नसेल तर आम्ही तो निबंध बाजूला ठेवतो.

या सगळ्यावरून विकरांचा अभ्यास व्यर्थ गेला असे कोणी समजू नये. यूपीए हे कापणारे विकर आणि त्याला रोखणारे प्रथिन पीएआय-1 यांचे उदाहरण पाहा. स्तनाच्या गाठीतल्या या दोन प्रथिनांवरून, लसीका ग्रंथींपर्यंत रोग न गेलेल्या स्त्रियांमध्ये तो परत येण्याची शक्यता सांगता येते. हे आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित आकड्यांवर तपासले गेले आणि अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 च्या मार्गदर्शक सूचनांत या चाचणीला जागा दिली. यूपीए दर मिलिग्रॅम प्रथिनामागे 3 नॅनोग्रॅमच्या आत आणि पीएआय-1 14 नॅनोग्रॅमच्या आत, दोन्ही असे असेल तर धोका कमी. इथे लक्षात घेण्याजोगे हे की पीएआय-1 हे रोखणारे प्रथिन असूनही ते वाढले तर रोगाची चाल वाईट असते. ते यूपीएला थांबवते हे खरे, पण त्याच वेळी पेशीची जाळीवरची पकड सोडवते, आणि नव्या वाहिन्यांना ते लागते. पीएआय-1 नसलेल्या उंदरांत गाठ पसरली नाही आणि वाहिन्याही आल्या नाहीत. नुसत्या नावावरून 'रोखणारे' चांगले आणि 'कापणारे' वाईट ठरवले असते, तर ही चाचणी उलटी वाचली गेली असती.

तरीही ती सगळीकडे पोचली नाही, आणि कारण साधे आहे. तिला ताजी किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली ऊती लागते, तीही भरीव तुकड्याची. ऊती गोठलेलीच कुटून ट्रायटन असलेल्या द्रावणात अर्क काढावा लागतो. ट्रायटन नसेल तर पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेले यूपीए मागेच राहते आणि आकडा खाली येतो, मग 3 ची सीमारेषा निरर्थक. शस्त्रक्रियागृहात गाठ निघाली की ती सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत जाते आणि तिथे ही चाचणी संपते. फॉर्मलिनमधल्या ऊतीवर चालणाऱ्या जनुकचाचण्या आल्या आणि त्यांनी जागा घेतली.

लायसिल ऑक्सिडेज हे विकर कापत नाही, बांधते. तांब्यावर चालणारे हे विकर कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत टाके घालते, जाळी ताठ होते, आणि ताठ जाळीवर कर्करोगाच्या पेशी जोरात सरकतात. ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठीत ते वाढते आणि पसरण्यासाठी लागते, हे 2006 मध्ये उंदरांत दिसले. पण त्याच कुळातल्या दुसऱ्या विकरावरचे सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड स्वादुपिंडाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात उपयोगी पडले नाही. ते विकराच्या टाके घालणाऱ्या केंद्रावर बसतच नव्हते, बाजूला बसत होते.

हाडांच्या बाबतीत मात्र जीवरसायनशास्त्राने रुग्णाच्या हातात काही दिले आहे. स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनकर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी पाहून म्हटले की बी कुठेही पडले तरी मानवणाऱ्या मातीतच रुजते. हाडात पोचलेली पेशी हाड स्वतः खात नाही. ती हाडातल्या पेशींना रँकएल हे प्रथिन वाढवायला लावते, त्याने हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि खाल्ल्या जाणाऱ्या हाडातून सुटलेले वाढीचे घटक कर्करोगाच्या पेशींनाच पोसतात. रँकएलला धरणारे डेनोसुमॅब 2010 पासून वापरात आहे: 120 मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, कातडीखाली. हाड मोडणे आणि मणका दबणे त्याने घटते. आयुष्य वाढत नाही, आणि स्तनकर्करोग हाडात जाण्याआधी दिल्यास तो हाडात जाणे थांबते असेही दिसले नाही. सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो, आणि रक्तातले कॅल्शियम घसरते म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व चालू ठेवावे लागते. यातले यश विकर सापडल्यामुळे आले नाही. कोण कोणाला काय सांगतो ही साखळी पूर्ण उलगडल्यामुळे आले.

2021 मध्ये कर्करोगाच्या गाजलेल्या संशोधनाची पुन्हा चाचणी घेणारा एक मोठा प्रकल्प संपला. 53 निबंधांतले 193 प्रयोग पुन्हा करायचे ठरले होते. प्रत्यक्षात 23 निबंधांतले 50 प्रयोगच करता आले, बऱ्याच ठिकाणी मूळ कृतीच पुरेशी लिहिलेली नव्हती. जे झाले त्यांत परिणामाचा आकार मध्यकाने 85 टक्क्यांनी लहान निघाला. म्हणूनच आपल्या बातमीदारांना विनंती आहे की विकराची बातमी देताना एवढे तरी विचारावे: प्रयोग ताटलीतल्या पेशींवर, उंदरावर की माणसावर, विकराचे प्रमाण मोजले की क्रिया, ते बनवणारी पेशी कोणती, आणि ते काढून टाकून पुन्हा परत घातले तेव्हा परिणामही परत आला का. शेवटचा प्रश्न शास्त्रज्ञाला नक्की विचारावा. जनुक बंद करणारे छोटे आरएनए भलत्याच जनुकावरही बसतात. त्या आरएनएला ओळखता येणार नाही असे जनुकाचे रूप परत घातल्यावर पेशी पुन्हा पसरू लागल्या, तरच दोष त्या विकराकडे जातो.

रुग्णांसाठीही एक गोष्ट. ताटलीत एमएमपी रोखणाऱ्या वनस्पतींच्या अर्कांची नावे बातम्यांत येतात आणि त्यांच्या गोळ्या विकल्या जातात. एमएमपी रोखण्यासाठी म्हणून अमेरिकेत मंजूर झालेले एकच औषध आहे, डॉक्सिसायक्लिन 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि ते हिरड्यांच्या आजारासाठी आहे. रक्तातल्या एमएमपी-9 चा आकडा स्वतःहून तपासून घेऊन काळजीत पडू नये, उपचार तर त्यावरून मुळीच बदलू नयेत. तो आकडा सुजलेल्या हिरड्यांनी, छातीतल्या जंतुसंसर्गाने आणि नळी उशिरा फिरवल्यानेही वाढतो.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक